सुट्टीत मुलं गावाला : विहीर, शेततळं, कालवा… तुम्ही नेमकं काय करता?

रानजाई | ११ एप्रिल, रात्री ९:४०

परीक्षा संपल्या. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाच. दरवर्षीसारखी दोघं महिनाभर माझ्या माहेरी जाणार, संगमनेरजवळ. भावाने डाळिंबासाठी शेततळं केलंय, घरापासून हाकेच्या अंतरावर. तीस बाय तीस मीटर, मध्ये तीन मीटर खोल, आत काळा प्लास्टिकचा कागद.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्या काठावर आंबे खात बसलो होतो. मोठी माणसंच नऊ होतो. मुलगा हात धुवायला कडेला गेला आणि घसरला. आवाज झाला नाही. ओरडणं नाही, हात हलवणं नाही, पाणी उडवणं नाही. मी त्याच्याकडे बघत होते! तोंड आकाशाकडे वळलेलं आणि पाण्याच्या बरोबरीला. मला वाटलं मुद्दाम उतरलाय, खेळतोय. वहिनी म्हणाली, "अगं, हा हसत का नाहीये?" तेव्हा भावाने उडी घेतली.

पुढचं आणखी वाईट. भाऊ पट्टीचा पोहणारा, पण मुलाला घेऊन त्याला वर येता येईना. कागदावर शेवाळ, पाय ठरेचना. मोटारीचा नायलॉनचा दोर पडला होता तो कोणीतरी फेकला आणि चौघांनी मिळून दोघांना ओढून काढलं. मुलगा ठीक आहे. मला मात्र अजूनही तो चेहरा दिसतो.

मुलांना गावाला पाठवायचं नाही, हा उपाय मला नको आहे. आजीआजोबा वर्षभर वाट बघतात. मला विचारायचंय ते असं : शेततळ्याला काय करून घ्यावं, पोहायला कुठे आणि कधी शिकवावं, आणि एवढ्या गोतावळ्यात मुलांवर लक्ष कोणी ठेवायचं?

पाऊलवाट | ११ एप्रिल, रात्री १०:०२

बापरे. वाचतानाच पोटात गोळा आला. मुलगा सुखरूप आहे हे वाचून हायसं वाटलं.

कृष्णाकाठ | ११ एप्रिल, रात्री १०:३५

ताई, झालं ते वाईटच. पण मुलांना पाण्याची भीती घालू नका एवढं सांगतो. मी आता बासष्ट वर्षांचा. आमच्या गावात सहावं लागलं की पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे, नाहीतर पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, आणि द्यायचे विहिरीत सोडून. कमरेला कासरा, वर चुलता धरून उभा. आठ दिवसांत पोरगं मुटका मारायला लागायचं. आमच्या पिढीत असा कुणी नाही ज्याला पोहता येत नाही. हल्लीच्या मुलांना पाणी दिसतं ते बाटलीत.

शिवारफेरी | ११ एप्रिल, रात्री ११:१०

कृष्णाकाठ काका, मान राखून सांगतो : शेततळं म्हणजे विहीर नव्हे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, दगडाला हात घालता येतो. शेततळ्याला चारी बाजूंनी उतार, त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर बुळबुळीत थर. पट्टीचा पोहणारा दमेपर्यंत पोहेल, पण बाहेर कसा येणार? आमच्या भागात एकाला काढायला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला तिसरा, असे एकाच घरातले जीव गेलेत. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगाव शेततळी झाली. पाण्याने शेती तगली, ते खरंच आहे. पण पूर्वी गावात चार विहिरी आणि एक नदी, एवढंच सांभाळायचं असायचं. आता दर दोन शेतांआड पाणी आहे.

ताई, मी माझ्या तळ्याला काय केलंय ते सांगतो.

चारी बाजूंनी जाड नायलॉनचे दोर, दर हातभर अंतरावर गाठ मारलेले. वरचं टोक बांधावर खोल गाडलेल्या लोखंडी खुंटीला, खालचं टोक तळापर्यंत. दोर पाण्याच्या पातळीपर्यंतच आणून थांबवू नका. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि माणूस वर लोंबणाऱ्या दोराकडे नुसता बघत राहतो. दोन बाजूंना गाडीच्या जुन्या टायरांची शिडी, कागदावर घासू नये म्हणून खाली पोती अंथरलेली. पाण्यावर दोन ट्यूब, हवा भरलेल्या, दोराने काठाला बांधलेल्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे भोवती तारेची जाळी, फाटकाला कुलूप. किल्ली घरात, मुलांचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला.

नुसते काटे किंवा साड्यांचं कुंपण करू नका. त्याने शेळी अडते, पोरगं अडत नाही.

रानजाई | ११ एप्रिल, रात्री ११:२८

दोर तळापर्यंत हवा हे आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. भावाला हा प्रतिसाद आत्ताच पाठवते.

निंबोणी | १२ एप्रिल, सकाळी ७:१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. रानजाई, तुम्ही जे पाहिलंत ते अगदी तसंच घडतं. बुडणारं मूल हाका मारत नाही, कारण तोंड पाण्याच्या वर असतं तेवढ्या क्षणात ते श्वास घेतं. ओरडायला श्वास उरत नाही. हात वर करून हलवतही नाही, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबत राहतं. मान मागे, तोंड उघडं, शरीर उभं. असं साधारण २० ते ६० सेकंद चालतं आणि मूल खाली जातं. म्हणून पाण्यातलं दंगा करणारं मूल अचानक गप्प झालं की आधी त्याच्याकडे धावायचं. तुमच्या वहिनींनी जे विचारलं तोच खरा प्रश्न.

आता बाहेर काढल्यावर काय करायचं, आणि त्याआधी काय करायचं नाही.

उलटं टांगू नका. पोट दाबू नका. मडक्यावर पालथं घालू नका, गरागरा फिरवू नका. पोट दाबल्याने उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. आणि कृपा करून मिठाच्या ढिगात ठेवू नका. बुडालेल्याला मिठात पुरलं की तो जिवंत होतो, असा एक संदेश मोबाईलवर फिरतो आणि त्यापायी लोक तासन् तास घालवतात. मिठाने काहीही होत नाही.

मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि श्वास घेत नसेल तर पाठीवर झोपवा. एकाने १०८ ला फोन करा. हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावून छाती वर येईल इतपत दोन श्वास द्या. बुडालेल्याला हवा मिळालेली नसते, म्हणून त्याच्या बाबतीत श्वास आधी. मग छातीच्या मधोमध तळहाताने दाब द्या : छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे मुलांमध्ये साधारण ५ सेंटिमीटर. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने तीस दाब, मग दोन श्वास, परत तीस दाब. मूल श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

मूल शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. नंतरच्या काही तासांत खोकला वाढणं, धाप लागणं, ग्लानी येणं असं होऊ शकतं.

हे नुसतं वाचून हाताला येत नाही. पुतळ्यावर सराव करून घेणारे वर्ग असतात, त्यात घरातल्या दोघांनी तरी जाऊन या.

मोगरा_गजरा | १२ एप्रिल, सकाळी ९:०५

डॉक्टर, हे छापून फ्रिजवर लावलं. एक विचारते. आमच्या सोसायटीच्या तलावात मुलं दंडाला हवेचे पंख लावून उतरतात. तेवढं पुरतं ना? मी काठावर असतेच.

निंबोणी | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

नाही. ते खेळणं आहे. हवा निघते, हातातून सुटतं, आणि मुलाला वाटतं आपण तरंगतो. मग एक दिवस पंख न लावताच उडी मारतं. घालायचंच तर मापाचं, पट्ट्या बांधायचं लाइफ जॅकेट. तरीही लहान मुलाजवळ मोठं माणूस पाण्यात, हात लांबवला की मूल हाती लागेल इतकं जवळ हवं. आणि काठावर असता तेव्हा फोन पिशवीत. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळ्या फरशीच्या तलावात निळे कपडे घातलेलं मूल पाण्याखाली दिसतच नाही.

तेरेखोल | १२ एप्रिल, दुपारी १२:२०

समुद्राचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घाटावरून पाहुणे येतात आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्यात. किती वाजता भरती, किती वाजता ओहोटी, कुणाला पत्ता नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि ओहोटीला तेवढ्याच जोराने मागे जातं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून "काल याच वेळी इथेच खेळलो होतो" याला काही अर्थ नाही. खाडीच्या तोंडाशी तर मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नका. ओहोटीला सगळी खाडी तिथून बाहेर ओढली जाते.

आणखी एक. लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, फेस नसलेला दिसतो. लोकांना वाटतं तिथे सुरक्षित. उलट किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ कमी झाली की मग बाहेर या. ताकद नसेल तर नुसतं तरंगत राहा आणि हात वर करा.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी एका दुपारी बुडाले. कॉलेजातली धडधाकट मुलं होती ती. गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या जागेतच उतरायचं, लाल झेंडा असेल तर नाही. आमच्याकडच्या कितीतरी किनाऱ्यांवर असा माणूस नसतो. मग निदान तिथल्या कोळ्याला विचारा, तो नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

पाऊलवाट | १२ एप्रिल, दुपारी १:१०

आमच्या घरचे लाल झेंडा म्हणजे माझे सासरे. गणपतीपुळ्याला खुर्ची टाकून बसतात आणि नातवंडं घोट्याच्या वर भिजली की शिट्टी. सहा वर्षांची पुतणी त्यांना 'झेंडाआजोबा' म्हणते. तेही खूष आहेत, यंदा शिट्टी नवी घेतली.

वाळवंटातली_विहीर | १२ एप्रिल, दुपारी ३:३०

आमच्याकडे बीडला उन्हाळ्यात पाणीच नसतं, मग धोका कसला असं तुम्हाला वाटेल. पण पाणी नसतं म्हणूनच ते घरभर साठवलेलं असतं. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तेव्हा पिंपं, टाक्या, हौद, बादल्या, सगळं काठोकाठ. रांगतं मूल बादलीत वाकतं. डोकं जड असतं, तोल गेला की परत वर येता येत नाही. वीतभर पाणी पुरतं. माझ्या जावेच्या मुलीला आम्ही अशीच पायांना धरून काढलीय. तेव्हापासून प्रत्येक पिंपाला झाकण आणि त्यावर पाटा. आणि न्हाणीघराची कडी बाहेरून, वर.

दुसरं टँकरचं. टँकर विहिरीत पाणी सोडतो आणि सगळं गाव घागरी घेऊन काठावर. त्या रेटारेटीत दहा-बारा वर्षांच्या मुलीही दोर घेऊन वाकलेल्या असतात. त्या काही सुट्टीची मजा करायला आलेल्या नसतात. त्यांचं काय करायचं ते या धाग्यावर कोणी सांगू शकेल का, मला माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

शिवारफेरी | १२ एप्रिल, दुपारी ४:१५

@वाळवंटातली_विहीर, बरोबर आहे तुमचं. एका गावात मी पाहिलंय : टँकर विहिरीत न सोडता वर ठेवलेल्या मोठ्या टाकीत सोडतात, टाकीला खाली तोट्या. वाकायची वेळच येत नाही. ग्रामसभेत मागण्यासारखी गोष्ट आहे ही.

सह्यकडा | १२ एप्रिल, रात्री ८:५०

कालव्याचंही लिहा कोणीतरी. आमच्याकडे उन्हाळी आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सोडलं, की पोरांचा मेळा. दिसायला पाणी छातीएवढं. पण कडा सिमेंटच्या, उतरत्या, निसरड्या. आणि ओढ अशी की मोठ्या माणसाचे पाय उचलले जातात. पुढे गेट किंवा मोरी आली की संपलंच. बंधाऱ्याच्या खालच्या अंगालाही तेच : वरून पडणारं पाणी माणसाला परत परत आत ओढतं. नदीत वाळू उपसलेले खड्डे असतात, घोटाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोल. आमच्या वेळचा नदी चालत ओलांडायचा उतार आता तिथे राहिलेला नाही, हे आजोबा लोकांना पटवणं फार कठीण जातं.

ट्यूलिप_आणि_तगर | १२ एप्रिल, रात्री ११:५५

नेदरलँड्समधून. इथे देशभर कालवेच कालवे, कित्येक तर घराच्या दारातून जातात आणि कुंपण नाही. म्हणून बहुतेक मुलं पाच-सहा वर्षांची झाली की पोहण्याच्या 'ए' पदविकेसाठी जातात. माझ्या मुलाच्या परीक्षेला मी गेले तर सगळी मुलं अंगभर कपडे आणि बूट घालून पाण्यात! आधी वाटलं काहीतरी गडबड आहे. मग कळलं, मूल पाण्यात पडतं ते पोहण्याच्या कपड्यांत नाही, शाळेच्या कपड्यांत. भिजलेले कपडे किती जड होतात, बुटांनी पाय कसे मारायचे, उताणं होऊन तरंगायचं कसं, हे आधी शिकवतात. पाण्याखालच्या कापडाला भोक असतं, त्यातूनही जावं लागतं.

भारतात आल्यावर भाचीला आधी तरंगायला शिकवलं. हातपाय पसरून, कान पाण्यात, पोट वर. पोहणं नंतर. तुम्हीही आधी तेवढंच शिकवा.

उंबराचं_फूल | १३ एप्रिल, रात्री १२:४०

मी सहसा लिहीत नाही.

माझा मामेभाऊ अकरा वर्षांचा होता. पाच मुलं दुपारी सगळे झोपलेले असताना खाणीत साठलेल्या पाण्यावर गेली. तो बुडाला. बाकीचे चौघे घरी आले आणि अंथरुणात जाऊन पडले. कोणी काही बोललं नाही. जायला बंदी होती ना, मार बसेल म्हणून. चारला चहाच्या वेळी मामी त्याला हाका मारायला लागली तेव्हा सगळ्यात लहान रडला.

त्या चौघांतली एक मी.

माझ्या मुलांना मी दर सुट्टीत एकच सांगते. कुठेही गेला असाल, कितीही मोठी चूक केली असेल, धावत या आणि ओरडून सांगा. तुम्हाला कोणी हात लावणार नाही. आणि आत उडी मारू नका. दोर, काठी, टॉवेल, जे हाताला लागेल ते फेका.

रानजाई | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

उंबराचं_फूल, काय लिहू समजत नाही. तू तेव्हा लहान होतीस. लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. आज मुलांना जवळ घेऊन हेच सांगते.

कृष्णाकाठ | १३ एप्रिल, सकाळी ८:२०

रात्री हे वाचलं आणि झोप लागली नाही. आमच्या पिढीत सगळ्यांना पोहता यायचं असं मी वर लिहिलं. आठवत बसलो. आमच्याच आळीतले दोघे गेले होते, एक सातवीत असताना, एक लग्न ठरलेलं. त्यांची नावं माझ्या हिशेबात आलीच नाहीत. जे उरलो ते आम्ही पोहणारे.

भोपळ्याचं मात्र सोडत नाही. कमरेला दोर आणि वर दोर धरणारा चुलता, हे त्यातलं खरं शिक्षण. तो चुलता दुसरं काही करत नसे. तंबाखूसुद्धा मळत नसे.

मोगरा_गजरा | १३ एप्रिल, सकाळी ९:१५

काका, त्या विहिरीत मुली होत्या का हो? माझी आई त्याच गावातली असती तर काठावर कपडे धूत बसली असती. घरात तीन मामा पोहणारे आणि आईला नाकातोंडात पाणी जाईल म्हणून नदीची भीती. धुणं धुताना, पाणी भरताना पाण्याशी रोजची गाठ बायकांची, आणि पोहायला शिकवायचं फक्त मुलग्यांना.

२०२० मध्ये तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाच्या पाण्यात काही तरुण बुडत होते, तेव्हा तिथल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं.

कृष्णाकाठ | १३ एप्रिल, सकाळी १०:०५

नव्हत्या. बहीण काठावर आमचे कपडे सांभाळायची. यंदा नात येतेय, आठ वर्षांची. तिच्यासाठी बिंडा मी स्वतः बांधतो.

सांजवात | १३ एप्रिल, दुपारी २:३०

छोटीशी भर : मुलाला फिट्स येत असतील तर तलाव सोडाच, घरच्या टबातही एकटं सोडू नका, न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका. आमच्या मुलाला पोहायला नेतो ते डॉक्टरांना विचारून, आणि एक जण फक्त त्याच्यासाठी पाण्यात असतो. गावातल्या नातेवाइकांना हे आधी सांगावं लागतं. लपवू नका.

निंबोणी | १३ एप्रिल, रात्री ९:००

कृष्णाकाठ यांनी चुलत्याचं लिहिलं, रानजाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. नऊ जण काठावर होते, पण लक्ष ठेवायचं काम कुणा एकाचं नव्हतं. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आम्ही सहलीला जातो तेव्हा एक लाल पंचा ठेवतो. ज्याच्या खांद्यावर पंचा, त्याने फक्त पाण्याकडे बघायचं. गप्पा नाहीत, फोन नाही, पत्ते नाहीत. वीस मिनिटं झाली की पंचा दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा, आणि "घेतला" असं त्याने तोंडाने म्हणायचं. मद्य घेतलेल्याला पंचा नाही.

रानजाई | ९ मे, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. माहेरून लिहितेय.

भावाने शिवारफेरींचा प्रतिसाद वाचून जाळी मारली, आठ दोर सोडले, टायरची एक शिडी झाली, दुसरी पुढच्या आठवड्यात. तो स्वतः पोहायचे कपडे न घालता, पँट-शर्टवर आत उतरला आणि दोर धरून चारही बाजूंनी वर येऊन बघितलं. एका बाजूची खुंटी हलली, ती पुन्हा खोल गाडली. किल्ली बाबांच्या देवघरात असते.

मुलं रोज सकाळी तालुक्याच्या गावी तलावावर जातात. मुलगा पहिले चार दिवस पायरीवरून उतरेना, कोणी जबरदस्ती केली नाही. आता उताणा तरंगतो. धाकटीला अजून नाकात पाणी गेलेलं खपत नाही. वहिनीही शिकतेय, पंजाबी ड्रेस घालून, तिच्याबरोबर गावातल्या आणखी दोघी.

पंच्याच्या जागी आमच्याकडे आजोबांचा केशरी फेटा आहे. काल मुलाची पाळी नसताना तो मागत होता. बाबा म्हणाले, आधी पोहायला शीक, मग देतो.

शिवारफेरी | ९ मे, रात्री १०:४०

खुंटी हलली ते फार बरं झालं, आत्ताच कळलं. पावसाळ्यात माती मऊ झाली की आठही खुंट्या परत एकदा ओढून बघायला सांगा.